सांधा: सांगितलेला आणि बसलेला

विकांताचा लेख आहे, त्यामुळे आधी थोडा शब्दांचा कीस पाडतो. चालेल ना?

रेल्वेगाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते त्या जागेला मराठीत काय म्हणतात? हापिसात पाच-सहा जणांना विचारलं. 'ट्रॅक चेंज', 'जंक्शन', 'क्रॉसिंग' अशी उत्तरं आली. एक जण म्हणाला, "ते स्टेशन आलं की खडखड वाजतं ना, ते." हा त्यातल्या त्यात जवळ पोचला. शब्द आहे 'सांधा'. गाडी सांधे बदलत स्टेशनात शिरते, आणि ते सांधे बदलणारा माणूस म्हणजे सांधेवाला. आज सांधेवाला म्हटलं तर लोक गुडघेदुखीचा डॉक्टर समजतील. हिंदीत काँटेवाला, रेल्वेच्या कागदावर पॉइंट्समन. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्टेशनात रुळावर पडलेल्या लहान मुलाला मयूर शेळके यांनी धावत जाऊन वाचवलं, तेव्हा आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर पॉइंट्समन, पॉइंट्समन चाललं होतं. त्या पदाचा माणूस एरवी काय काम करतो हे मात्र कोणी सांगितलं नाही.

'सांधा' शब्दाचीही एक गोची आहे. दोन रूळ टोकाला टोक लावून पट्टीने जोडतात तोही सांधा, आणि मार्ग बदलायची जागा तीही सांधा. एका शब्दाचे दोन अर्थ, म्हणजे आपल्या भाषेत नेमस्पेस कोलिजन! पण इंग्रजीवाले आपल्याहून जास्त गोंधळलेले आहेत, आणि त्या गोंधळामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. मला त्यात रस वाटायला लागला तो खेळण्यातल्या रेल्वेमुळे.

इंजिनिअरिंगला पुण्यात होतो तेव्हा कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. जी. ए. कुलकर्णी पथावर आहे. भाऊ जोशी यांनी उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडलं. एका खोलीत अख्खं शहर, त्यात सर्कस, ड्राइव्ह-इन थिएटर, आणि मधून वेगवेगळ्या गाड्या धावतायत. बाकी मंडळी गाड्या बघत होती. माझं लक्ष मात्र गाडी जिथे दुसऱ्या मार्गाला लागते त्या जागांवर. हात लावायला कोणी नाही, आणि तरी ती चिमुकली पट्टी बरोबर वेळेवर सरकते. कोण सरकवतं? नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून थोडे रूळ घेतले, आणि कैनाडच्या घरी मागच्या खोलीत माझा मांडाव सुरू झाला. (मांडाव हा लेआउटला मी केलेला शब्द. आवडला नाही तर सोडून द्या.) कैनाड आमचं गाव, डहाणू तालुक्यात. खालची चौकट चिकूच्या खोक्यांच्या फळ्यांची, वर प्लायवूड. आमच्याकडे चिकूच्या खोक्यांना तोटा नाही.

आता सांधा म्हणजे नक्की काय ते बघू. दोन बाहेरचे रूळ जागचे हलत नाहीत, ते स्टॉक रेल. त्यांच्या आत दोन निमुळत्या जिभा असतात, त्या टंग रेल. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एकदम डावीकडे किंवा एकदम उजवीकडे सरकतात. एक जीभ बाहेरच्या रुळाला चिकटते तेव्हा दुसरी तिच्या बाजूच्या रुळापासून सुटते. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते ती चिकटलेल्या जिभेच्या मागे मागे जाते. बस, एवढंच. पुढे जिथे दोन मार्गांचे आतले रूळ एकमेकांना छेदतात तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा तुकडा असतो. आपल्याकडे त्याला क्रॉसिंग म्हणतात, अमेरिकेत फ्रॉग. बेडकाचा संबंध नाही. घोड्याच्या खुराच्या तळाशी जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्यालाही इंग्रजीत फ्रॉगच म्हणतात, त्या आकारावरून हे नाव पडलं.

या सगळ्या जोडकामाला इंग्लंडमध्ये पॉइंट्स म्हणतात, तेही अनेकवचनात, कारण जिभा दोन. अमेरिकेत स्विच. आपल्याकडे रेल्वे इंग्रजांनी आणली म्हणून पॉइंट. आता मॉडेल रेल्वेवाल्या अमेरिकन माणसाची पंचाईत बघा. टेबलाच्या कडेला विजेचा स्विच, तो दाबला की रुळावरचा स्विच सरकतो. "स्विच खराब झालाय" म्हटलं तर कुठला? सोल्डरिंग गन घ्यायची की चिमटा? म्हणून या छंदातली मंडळी रुळावरच्याला टर्नआउट म्हणायला लागली. खऱ्या रेल्वेत टर्नआउट हा शब्द इंजिनिअरांच्या नकाशावरचा, म्हणजे जिभांपासून क्रॉसिंगपर्यंत सगळा संच. छंदवाल्यांनी तो उचलून रोजच्या बोलण्यात आणला. सांधा हलवणाऱ्या यंत्राला अमेरिकेत स्विच मशीन, इंग्लंडच्या छंदवाल्यांत पॉइंट मोटर, भारतीय रेल्वेत पॉइंट मशीन. आणि कहर म्हणजे पेको ही इंग्लिश कंपनी, इंग्लंडमध्ये पॉइंट्स विकते, पण त्यांच्या प्रकारांची नावं इन्सुलफ्रॉग आणि इलेक्ट्रोफ्रॉग. बेडूक अटलांटिक ओलांडून परत गेला :-)

इथवर गंमत होती. सांध्याच्या दोन अवस्थांची नावं मात्र मला जास्त महत्त्वाची वाटतात.

आपण सहज म्हणू की एक सरळ आणि एक वळणाची. खऱ्या रेल्वेत तसं म्हणत नाहीत. तिथे नॉर्मल आणि रिव्हर्स. हे शब्द रुळावरून आलेले नाहीत, केबिनमधल्या लिव्हरवरून आले आहेत. सुरुवातीला प्रत्येक सांध्यापाशी एक माणूस उभा असे आणि हाताने दांडा ओढत असे. त्या माणसाने एकीकडे सांधा लावला आणि दुसऱ्या माणसाने भलताच सिग्नल दिला, तर संपलं. १८५६ मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याचं पेटंट घेतलं. पुढे सगळे दांडे एका चौकटीत आले. चौकटीत दांडा जागेवर असेल तर नॉर्मल, ओढलेला असेल तर रिव्हर्स. खाली लोखंडी पट्ट्या आणि खाचा अशा, की चुकीच्या जोडीतला दुसरा दांडा ओढताच येत नाही. हे इंटरलॉकिंग. ब्रिटनमध्ये १८८९च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ते सक्तीचं झालं. आपण कोडमध्ये 'ही स्टेट येऊच शकत नाही' अशी तजवीज करतो, ती त्यांनी लोखंडात कोरली होती.

तर नॉर्मल म्हणजे सरळच असं नाही. यार्डाच्या तोंडाशी ट्रॅप पॉइंट असतो. मालगाडीचा डबा सुटून मुख्य मार्गाकडे घरंगळला तर त्याला मुद्दाम रुळाखाली उतरवायचं, हे त्याचं काम. त्याची नॉर्मल अवस्था म्हणजे रुळावरून उतरवणारी. म्हणजे नॉर्मलचा अर्थ 'काही सांगितलं नसेल तेव्हा इथे असावं' असा. डिफॉल्ट व्हॅल्यू.

लोखंडी पट्ट्यांच्या जागी पुढे रिले आले. भारतात पहिलं पॅनेल इंटरलॉकिंग चर्चगेटला १९५८ मध्ये, आणि पहिलं रूट रिले इंटरलॉकिंग कुर्ल्याला १९५९ मध्ये. दोन्ही मुंबईत. पॅनेलवर 'इथून' आणि 'तिथवर' अशी दोन बटणं दाबायची, मधले सगळे सांधे आपोआप लागतात, अडकवले जातात, आणि मग सिग्नल सुटतो. हे रिले किती महत्त्वाचे ते २०१५च्या जूनमध्ये कळलं. इटारसीची रिले केबिन जळाली आणि महिनाभराहून जास्त काळ शेकडो गाड्या रद्द होत राहिल्या. रूळ शाबूत, इंजिनं शाबूत, फक्त 'कुठला सांधा कुठे' हे खात्रीने सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

याच रिलेंनी आपल्या धंद्याला जन्म दिला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. त्यात दोन जाती होत्या. एक डबे रंगवणारी, डोंगर-झाडं करणारी. दुसरी टेबलाखाली पडून असणारी, तिचं नाव सिग्नल्स अँड पॉवर. या दुसऱ्या जातीने टेलिफोन कंपनीकडून मिळालेले रिले आणि स्टेपिंग स्विच जोडून सांधे आणि गाड्या चालवणारी यंत्रणा केली. टेलिफोनची तबकडी फिरवून गाडी निवडायची! त्यांच्यातल्या पीटर सॅमसनने १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा छोटा कोश केला. 'हॅक' हा शब्द आपल्या अर्थाने लिहिलेला सापडतो तो त्यात. 'फू'सुद्धा. कॉलेजात सी शिकताना ज्याने फू आणि बार नावाची फंक्शनं लिहिली नाहीत असा कोण आहे? याच पोरांना नंतर एमआयटीतले संगणक मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी स्पेसवॉर हा खेळ लिहिला. त्याचे हातात धरायचे कंट्रोल क्लबमधल्या सामानातूनच जोडले होते.

मग आजच्या टेबलावर सांधा कसा हलतो? जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे दोन कॉइल. क्षणभर करंट दिला की मधला लोखंडी दांडा खाडकन एकीकडे ओढला जातो. करंट क्षणभरच हवा, बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. दुसरी पद्धत संथ मोटरची. ती सावकाश सरकवते आणि टोकाला दाब देत उभी राहते. दिसायला ही जास्त खरी वाटते. आणि हुकूम द्यायला डीसीसी. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामावरून त्याचं मानक केलं. रुळातूनच वीजही जाते आणि डेटाची पाकिटंही. प्रत्येक सांध्याला पत्ता असतो. पत्ता अमुक, अवस्था तमुक, असं पाकीट सुटतं.

आणि मूळ डीसीसीत उत्तर येत नाही! पाकीट गेलं, काम संपलं. नेटवर्कवाल्यांना वेगळं सांगायला नको, हा शुद्ध यूडीपी कारभार आहे.

यावर चालणारं जेएमआरआय नावाचं जावात लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. (वकील मित्रांसाठी: मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात सांगितलं. तो खटला याच सॉफ्टवेअरवरून झाला. आपण रोज हापिसात जे फुकटचं ओपन सोर्स वापरतो त्याच्या परवान्याला दात आहेत ते खेळण्यातल्या रेल्वेमुळे.) जेएमआरआयमध्ये सांध्याच्या अवस्था क्लोज्ड आणि थ्रोन. अमेरिकेत सांधा 'फेकतात' म्हणून थ्रोन. पण त्याचा कोड उघडून पाहिला तेव्हा मला जास्त आवडलं ते हे: प्रत्येक सांध्याला अवस्थेचे दोन रकाने आहेत. एक कमांडेड, दुसरा नोन. एक काय सांगितलं ते, दुसरा काय कळलं ते. कळलेल्यात क्लोज्ड आणि थ्रोनखेरीज आणखी दोन किमती येऊ शकतात, अननोन आणि इनकन्सिस्टंट. आणि सेन्सर लावला नसेल तर? तर सॉफ्टवेअर सरळ धरून चालतं की जे सांगितलं तेच झालं. बहुतेक छंदवाल्यांची रेल्वे याच भरवशावर धावते.

दिवाळीत गावी होतो तेव्हा शेजारचे एक काका मांडाव बघायला आले. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले. लॅपटॉपवर क्लिक केलं, सांधा खाडकन हलला, गाडी बाजूच्या मार्गाला गेली. मला वाटलं काका खूश होतील. त्यांनी खाली वाकून जिभेकडे पाहिलं.

"पूर्ण बसला का रे?"

"बसला की काका. हे बघा, इथे थ्रोन दाखवतंय."

"ते तू सांगितलंस म्हणून दाखवतंय. मी विचारतोय बसला का."

मग त्यांनी चिकूच्या खोक्याची एक बारीक काडी जिभेच्या फटीत ठेवली आणि म्हणाले, "आता परत लाव." क्लिक केलं. जीभ काडीवर अडकली, फट राहिली, आणि पडद्यावर मात्र सांधा क्लोज्ड. काकांनी सांगितलं की खऱ्या सांध्याची तपासणी अशीच करतात. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवायचा आणि सांधा लावायचा. तो लॉक होता कामा नये आणि पॅनेलवर 'लागला' असं येता कामा नये. आलं, तर सांधा नापास. जीभ ढकलणारा दांडा वेगळा आणि जीभ कुठे आहे ते बघणारा दांडा वेगळा, कारण ढकलणाऱ्याला 'पोचलास का' असं विचारण्यात अर्थ नसतो. मोटर बंद पडली तर माणूस रुळावर जातो, हँडल घालून सांधा फिरवतो, जिभेला क्लॅम्प लावतो, कुलूप घालतो. "आणि किल्ली खिशात," काका म्हणाले. "खिशात म्हणजे खिशात."

त्यांच्या या 'बसला का'मुळे मी त्या रात्री बाहानगा बाजारचा तपासाचा तपशील परत काढून वाचला.

ओडिशात बालेश्वर जिल्ह्यात, २ जून २०२३ची संध्याकाळ. कोरोमंडल एक्सप्रेस ताशी १२५ किलोमीटरहून जास्त वेगात. सिग्नल हिरवा, मुख्य मार्गाचा. सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाला लागलेला, आणि तिथे मालगाडी उभी. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर गेले. २९० हून जास्त माणसं गेली.

तिथे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होतं. म्हणजे संगणक. पहिल्या दिवसात सगळे सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत होते, आमच्या हापिसातही. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात आलेलं कारण वेगळं आहे. संगणकाला सांधा नॉर्मल असल्याचं कळवलं गेलं, त्याने त्यावर बरोबर निर्णय घेतला आणि सिग्नल दिला. कळवलेलंच खोटं होतं. फाटक क्रमांक ९४ जवळच्या सिग्नलच्या गुमटीत २०१८ मध्ये वायरिंगचे बदल झाले होते ते चुकीचे होते. अपघाताच्या आधी फाटकाच्या विजेच्या अडसराचं काम झालं, त्यातही जोडण्या चुकल्या. पेटीतल्या वायरींवरची नावं चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली, हे अहवालात स्पष्ट लिहिलं आहे.

नावं. लेबलं. म्हणजे एका वायरीवर लिहिलंय एक आणि ती सांगते दुसरंच.

जेएमआरआयमध्ये सांध्याच्या तक्त्यात इन्व्हर्टेड नावाचा एक चौकोन असतो. वायरी उलट्या जोडल्या गेल्या असतील तर टेबलाखाली वाकायचं नाही, त्या चौकोनात टिक करायची, क्लोज्डचं थ्रोन होतं आणि चहा प्यायला मोकळे. टेबलावर हे ठीक आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जण प्रॉडक्शनमध्येही हेच करतात, व्हेरिएबलचं नाव 'इज डिसेबल्ड' आणि आत सगळीकडे नकार लावलेला. मी रिव्ह्यूला बसतो तेव्हा अशा दोनदा उलटलेल्या नावांवर अडून बसतो, आणि टीममधले वैतागतात. वैतागू देत.

त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनाजवळ असाच प्रकार झाला होता. सिग्नल एका मार्गाचा, सांधा दुसऱ्या मार्गाचा. संपर्क क्रांती एक्सप्रेसच्या चालकाला सांधा चुकीचा लागलेला दिसला आणि त्याने गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सिग्नल यंत्रणेत गंभीर त्रुटी असल्याचं पत्र लिहिलं होतं. चार महिन्यांनी बाहानगा.

डहाणू रोडवर उभा असलो की आता हे सगळं डोक्यात येतं. मुंबई–अहमदाबादचा हा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचला. २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल आली. ती डाउन मार्गाने येते आणि इथेच संपते, म्हणजे परत जायला तिला अप मार्गावर यायला हवं, आणि त्यासाठी सांधे. पुलावर उभं राहून बघितलं तर राजधानी सरळ निघून जाते आणि लोकल अंग चोरत बाजूला होते. एमयूटीपी-३ मध्ये विरार ते डहाणू रोड तिसरा आणि चौथा मार्ग आहे. मार्ग वाढले की सांधे वाढतात, वायरिंग बदलतं, नकाशे बदलतात. अशा कामानंतर एक जण रुळाशी उभा राहतो आणि एक पॅनेलशी. रुळाशी उभा असलेला डोळ्यांनी बघून सांगतो 'नॉर्मल', पॅनेलवाला बघतो दिवा कुठला लागला. मग रिव्हर्स. असं प्रत्येक सांध्याचं. कंटाळवाणं काम आहे, आणि पाऊस असला तर विचारूच नका.

माझ्या मांडावाला आठ सांधे आहेत. प्रत्येकाला दोन मायक्रोस्विच लावले, दोन्ही टोकांना एकेक, जीभ पूर्ण बसल्याशिवाय न दाबले जाणारे. सोळा वायरी वाढल्या. काडी फटीत ठेवली की पडद्यावर आता इनकन्सिस्टंट येतं आणि सिग्नल लाल राहतो. काकांना दाखवलं. त्यांनी दोन वेळा काडी ठेवून पाहिली, मग चष्मा लावून टेबलाखाली वाकले आणि वायरींवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला लागले.